विमलच्या रविवारच्या गोळ्या

विमल,

तुझ्या पुण्यानुमोदनाला आपल्या मालकीणबाई आल्या होत्या. पांढरी साडी, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, त्यावर फुलवाल्याची चिठ्ठी तशीच चिकटलेली. चाळीच्या पटांगणात मंडप घातला होता. गाथा झाल्या, बौद्धाचार्य खाली बसले, मग ज्यांना बोलायचं होतं ते एकेक करून माईकपाशी गेले. त्याही गेल्या. म्हणाल्या, "विमल आमच्या पोळीभाजी केंद्रात कामाला नव्हती, ती आमच्या घरातलीच होती." लोकांनी माना हलवल्या. तुझ्या पोरीने, सुजातानेही हलवली.

घरातलीच. त्या घरात तू आणि मी एकोणीस वर्षं पोळ्या केल्या आणि त्या घरात बाईला मुतायला जागा नव्हती. हा शब्द मी तोंडातून कधी काढला नसता, तुला ठाऊक आहे. कागदावर आला तो आता राहू दे. मला त्या दिवशी मंडपात ओकारी आली होती. लोकांना वाटलं रडतेय. मालकीणबाईंनी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकलासुद्धा नाही. बसून राहिले. आयुष्यभर बसूनच राहिले आहे मी.

त्यांच्यानंतर चाळीतले दोघं-तिघं बोलले. विमलने कधी कोणाला त्रास दिला नाही, आपलं दुखणं कधी कोणाला दाखवलं नाही, शेवटपर्यंत हातपाय चालू ठेवले. जेवढं ऐकत होते तेवढी शिसारी वाढत होती. त्रास द्यायला हवा होतास तू. दुखणं दाखवायला हवं होतंस. ज्याने तू गेलीस त्याच्यासाठीच लोक तुला हार घालत होते.

मग सुजाता उठली. नुसतं एवढंच म्हणाली, "आईने नऊ वर्षं बीपीच्या गोळ्या खाल्ल्या. एक दिवस चुकवला नाही. त्या गोळ्यांनीच तिला आतून पोखरलं." आणि बसली.

मी खाली सतरंजीकडे बघत राहिले. माझ्या खोलीत, पलंगाखाली, तुझी कापडी पिशवी होती. तिच्यात तुझ्या न घेतलेल्या गोळ्या होत्या.

नऊ वर्षांपूर्वी तुला पहिल्यांदा गोळ्या लागल्या तेव्हा तुझ्याबरोबर मीच होते. तुझं डोकं मागून दुखायचं, पालिकेच्या दवाखान्यात दाखवायला गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाले वरचं एकशे ऐंशी आहे. तू म्हणालीस, "वरचं असू दे, खालचं तरी बरं आहे ना?" खालचंही बरं नव्हतं. दोन गोळ्या दिल्या, रोज सकाळी घ्यायच्या. एक बारीक पांढरी, आणि एक पाण्याची. पाण्याच्या गोळीने लघवी जास्त होईल, घाबरू नका, तेच तिचं काम आहे, असं त्या बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. तेव्हा तिथे बाई डॉक्टर होत्या.

पहिला आठवडा तू नेमाने घेतल्यास. सकाळी साडेपाचला गोळी, सहाला आपण नायगावातून चालत निघायचो, साडेसहाला परळच्या त्या गाळ्यात. आपली जोडी ठरलेली. तू लाटायचीस, मी भाजायचे. लाटणारी उठली की भाजणारीचा तवा रिकामा जळतो, भाजणारी उठली की लाटलेल्या पोळ्या एकावर एक चिकटतात. म्हणून जोडीतलं कोणी उठायचं नाही, हा आपला नियम. कोणी लिहून दिलेला नाही, पण ऑफिसांची ऑर्डर अकराला बाहेर पडायची असली की तो नियम आपोआप होतो. सकाळी घरून निघताना चहाही आपण अर्धाच कप प्यायचो, अकरापर्यंत जायला लागू नये म्हणून. सगळ्याच बायका तसंच करायच्या. उन्हाळ्यात तव्यापुढे बसून ओठ फुटायचे तरी कोणी पाण्याला हात लावायची नाही.

आणि जायचं तरी कुठे? गाळ्याच्या मागच्या गल्लीत ते सार्वजनिक. एकोणीस वर्षांत तिथल्या एका दाराची कडी नीट लागली नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. खाली पाणी साचलेलं, त्यात साडी वर धरून उभं राहायचं, नाकात पदर. बाहेर बाकड्यावर दोन माणसं बसलेली, कोण आत गेली, किती वेळ लागला ते बघणारी. मी तिथे जाऊन आले की पुढची पहिली पोळी हातात घ्यायला मला नको वाटायचं. हात घासघासून धुतले तरी.

त्या पहिल्या आठवड्यात तू सकाळच्या चार तासांत तीनदा, चारदा उठायला लागलीस. मंगळवारी तिसऱ्यांदा उठलीस तेव्हा माझा तवा तापून धूर निघाला. आणि मी बोलले. मी, जी कुठे बोलत नाही ती, तुला बोलले. "विमल, आता किती वेळा उठशील? बसू दे ना बाई मला कामाला." बाकीच्या बायका हसल्या. मालकीणबाईंनी गल्ल्यावरून बघितलं. तू तशीच गेलीस. परत आलीस, पाय पुसलेस, हात धुतलेस, आणि लाटायला बसलीस.

दुसऱ्या दिवशी तू एकदाही उठली नाहीस. मला बरं वाटलं. हे वाक्य लिहिताना माझीच मला किळस येते, पण तेच खरं आहे. मला बरं वाटलं होतं.

पुढे किती दिवसांनी तू मला सांगितलंस ते आठवत नाही. चालत घरी येताना सांगितलंस. "शेवंते, मी आता गोळ्या रविवारच्या रविवार घेते. रविवारी सुट्टी, चाळीतला संडास आपल्याच मजल्यावर, कितीदा गेलं तरी कोण विचारतो?"

मी म्हणाले, "रोज घ्यायला सांगितल्यात ना?"

"मग रोज तुझा तवा जळला असता."

हसून म्हणालीस. मी पण हसले. तो वाद तिथेच राहिला, विमल. त्याच्यावर आपण परत कधी बोललो नाही. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की तवा गेला खड्ड्यात. नऊ वर्षं मला ते वाक्य सुचलं नाही, तू गेल्यावर रोज सुचतं.

दर महिन्याला दवाखान्यातून नव्या गोळ्या मिळायच्या, कारण नंबर लावून, केसपेपर दाखवून त्या आणायलाच लागायच्या, नाहीतर सुजाताने विचारलं असतं. आणलेल्यांतल्या चारपाच दिवसांच्याच खपायच्या. बाकीच्यांचं काय करायचं? तू म्हणालीस, "तुझ्याकडे ठेव गो. माझ्या पोरीला दिसल्या तर माझं डोकं खाईल. कंडक्टर आहे ती, एकेक तिकीट तपासणारी." मी ठेवल्या. पलंगाखाली कापडी पिशवी, वर जुन्या चादरी. काय काय ठेवून घेतलं मी, आणि कधी विचारलं नाही की ह्याचं पुढे काय होणार.

मधल्या वर्षांत दवाखान्यात तो तरुण डॉक्टर आला. त्याच्यासमोरची ती सकाळ मला झोपू देत नाही. बाहेर रांग, आत आपण दोघी. मी तुझ्या मागे, भिंतीला चिकटून. त्याने पट्टा बांधला, बघितलं, पुन्हा बांधला. "आजी, गोळ्या रोज घेता ना?"

"आजी कोणाला म्हणतोस?" तू म्हणालीस.

तो हसला. "बरं, मावशी. रोज घेता?"

"रोज. सकाळी साडेपाचला. हिला विचारा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तेवढंच काम होतं माझं, ते मी नीट केलं.

तो बिचारा विचारात पडला. एवढ्या गोळ्या रोज जातायत आणि बीपी उतरत नाही, म्हणजे गोळ्या पुऱ्या पडत नाहीत, असं त्याला वाटणार नाही तर काय? त्याने जास्त ताकदीची गोळी लिहिली. पाण्याचीही वाढवली. म्हणाला, "काही त्रास असेल तर सांगा, गोळ्या बदलता येतात. सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?"

तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता सांगशील. तू, जी रेशनवाल्याला सगळ्या रांगेसमोर म्हणाली होतीस, "तिचं तोंड माझ्याकडे आहे, काय विचारायचंय ते मला विचार." बँकेत माझ्या सहीवरून साहेब खेकसला तेव्हा टेबलावर हात आपटणारी तू. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या दिराला दारातून परत पाठवणारी तू. मी तुझ्या आवाजावर जगले, विमल. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, तेही राहून गेलं. पण त्या टेबलापुढे तू पदर नीट केलास आणि म्हणालीस, "त्रास कसला? काही नाही."

तो तुझ्या पोरीच्या वयाचा. त्याला कसं सांगायचं की कामावर लघवीला जायला जागा नाही? तुझ्याही तोंडून तेवढं निघालं नाही.

बाहेर आल्यावर तू मला कोपराने ढोसलंस. "पोरगा घाबरला गो. मोठी गोळी दिली." आणि आपण दोघी हसत सुटलो. नाक्यावर वडापाव खाल्ला, वर तू मिठाची मिरची मागून घेतलीस. केवढं हसलो आपण त्याला फसवून.  फसवलं कोणाला? तो घरी गेला, जेवला, झोपला.

त्या वाढवलेल्या गोळ्या तू रविवारी घ्यायला लागलीस. कधी एकाच्या ऐवजी दोन. म्हणायचीस, आठवडाभराची भरपाई. सहा दिवस काही नाही आणि सातव्या दिवशी एवढं. रविवारी दुपारी तू पलंगावर डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायचीस. उठलीस की घर फिरायचं. एकदा मोरीत पडलीस, हनुवटी फुटली. सुजाता सुट्टीवर असली की तुझ्या उशाशी बसायची. तिने बघितलं ते हेच. आई सहा दिवस धडधाकट पोळ्या लाटते आणि रविवारी माझ्या डोळ्यांसमोर गोळ्या घेते आणि आडवी होते. बाकीचे दिवस ती उठायच्या आधी तू घेतेस, असंच तिला वाटायचं. ती म्हणायची, "आई, ह्या गोळ्या तुला सोसत नाहीत." तू म्हणायचीस, "जाऊ दे गं, डॉक्टरने दिल्यात." मी तिथेच असायचे, कांदा चिरत नाहीतर तुझे पाय दाबत.

त्या गुरुवारी दहाच्या सुमाराला तू पाठवलेली पोळी वाकडी आली. एका बाजूने जाड, एका बाजूने फाटलेली. एकोणीस वर्षांत तुझ्या हातची अशी पोळी मी बघितली नव्हती. मी म्हणाले, "काय गं, नकाशा लाटतेस काय?" पुढची आलीच नाही. बघितलं तर लाटणं पोळपाटावरून घरंगळत होतं आणि तुझा उजवा हात मांडीवर पडला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. तू काहीतरी म्हणत होतीस, ते शब्द नव्हते.

तव्यावर पोळी होती. ती मी उलटली. आधी पोळी उलटली, मग तुझ्याकडे आले. हे कोणी बघितलं नाही. मी बघितलं.

मालकीणबाई म्हणाल्या, लिंबूपाणी द्या, पित्त असेल. मग म्हणाल्या, टॅक्सी बघा, आणि लगेच दुसऱ्या दोघींना आपल्या जागेवर बसवलं. आपण टॅक्सीत बसत होतो तेव्हा मागे तवा चालू होता. ऑर्डर अकराला गेली असणार. "घरातलीच होती."

मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुजाताला विचारलं, "बीपीची औषधं नियमित चालू होती का?" युनिफॉर्ममध्येच आलेली ती, बिल्ला छातीवर तसाच. म्हणाली, "हो. नऊ वर्षं. एकही दिवस नागा नाही." त्यांनी तसं लिहून घेतलं. मी सुजाताच्या मागे उभी होते. कागदावर खोटं लिहिलं जात होतं आणि त्या खोट्यावरून तुझ्यावर काय करायचं ते ठरणार होतं. मी पदराचं टोक पिळत राहिले. शनिवारी सकाळी तू गेलीस.

मी स्वतःला समजावलं की आता बोलून काय होणार? गेलेलं माणूस येणार आहे का? तुझं गुपित तुझ्याबरोबर गेलं, पिशवी मी एक दिवस कचऱ्यात टाकीन, संपलं.

पण ते संपलं नाही. तुझ्यानंतर तीन आठवड्यांनी चाळीत तपासणीचं शिबिर लागलं. पंख्याखाली टेबलं मांडून सगळ्यांचं बीपी, साखर बघत होते. सुजाताला मीच ओढून नेलं. तिचं वरचं एकशे सत्तर निघालं. चौतीस वर्षांची पोर. तिथल्या बाई म्हणाल्या, आईचा इतिहास आहे, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा, पुन्हा तपासा, गोळ्या लागल्या तर सुरू करा. सुजाताने चिठ्ठी घेतली, पायऱ्यांपाशी आली आणि चिठ्ठीचे चार तुकडे केले.

"मावशी, मला शिकवू नको. आईचं काय झालं ते मी बघितलंय. दर रविवारी बघितलंय."

"अगं पण..."

"पण काय? नऊ वर्षं खाऊन ती गेली. मी न खाता राहीन."

कोणीतरी तिला लसणाच्या पाकळ्या आणि कसलीशी हिरवी पावडर सांगितली होती. सकाळी तेवढं घ्यायची आणि ड्युटीवर जायची. डोळे लाल, मान दाबत घरी यायची. तू जशी दाबायचीस, दोन्ही अंगठे केसांच्या मुळाशी. 

म्हणजे ती तुझ्या मागून चालली होती, आणि तिला वाट दाखवायला मी आणि तू दोघींनी मिळून खोटं पेरलं होतं. तुला दिलेला शब्द पाळायचा तर तुझी पोर जाणार. तरी मला तेरा दिवस लागले. तेरा दिवस मी रोज तिच्या दारापर्यंत जायचे आणि बादली उचलून परत यायचे. माझ्या ह्या लाजाळूपणाचं लोक कौतुक करतात. शेवंता कशी, वर मान करून बघत नाही. थू त्या मान खाली घालण्यावर.

चौदाव्या दिवशी तिला सुट्टी होती. दुपारी मी पिशवी घेऊन गेले आणि तुझ्या पलंगावर ओतली. पाकिटंच पाकिटं. काहींची चांदी काळी पडलेली, काहींवरची तारीख कधीच उलटून गेलेली. काही दोन-दोन रबर लावून बांधलेली, तूच बांधायचीस.

"हे काय?" ती म्हणाली.

मी सांगितलं. मला वाटलं होतं शब्द निघणार नाहीत, पण निघायला लागले ते थांबेनात. संडास, बाकड्यावरची माणसं, अर्धा कप चहा, रविवारची भरपाई, डॉक्टरापुढे हलवलेली मान. आणि तो मंगळवार. किती वेळा उठशील म्हणून मी तुला बोलले ते. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण मग उरलेलं सगळं सांगून मी स्वतःला वाचवलं असतं.

सुजाता एकेक पाकीट उचलून बघत होती. तिकिटं तपासल्यासारखी. हातातलं पाकीट खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे आईने गोळ्या घेतल्याच नव्हत्या."

"रविवारी घेतल्या."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"नऊ वर्षं."

"हो."

"जा मावशी," ती म्हणाली. ओरडली नाही. "आत्ता जा."

मी बाहेर आले तर शेजारची पारू दारात कान लावून उभी. मला हळूच म्हणते, "त्या गोळ्या टाकून देणार असशील तर मला दे. माझंही बीपी आहे, फुकट कशाला घालवायच्या?" तुझ्या मयताला हीच सगळ्यात मोठ्याने रडली होती. पहिल्यांदा माझा आवाज चढला. "त्या तिच्यासाठी लिहिल्या होत्या. तुझं तू दाखव आणि तुझ्या घे." पारू बघतच राहिली. मी मागे फिरले, सुजाताकडून सगळी पाकिटं पिशवीत भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीवर देऊन आले. तिथल्या माणसाने विचारलं कोणाच्या. मी म्हणाले, "आता कोणाच्या नाहीत."

पाच दिवस सुजाता माझ्याशी बोलली नाही. सहाव्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली. "दवाखान्यात चल."

 नंबर येईपर्यंत बाकावर बसून होतो तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "मावशी, डेपो ते डेपो दीड-दीड तास लागतो. मध्ये कुठे उतरणार? आम्ही बायका सगळ्याच पाणी न पिता जातो. ते पाण्याच्या गोळीचं मला सांगितलंस तेव्हा मला वाटलं, मी पण हेच केलं असतं."  पुढे म्हणाली, "आणि मला पण डॉक्टरला सांगता येणार नाही."

मला एवढा राग आला, विमल. कोणावर ते कळेना. तुझ्यावर, माझ्यावर, त्या तुटक्या कडीवर. बस चालवणाऱ्यांना, केंद्र चालवणाऱ्यांना, कोणालाच कधी वाटलं नाही का की बाईचं अंग पण अंग आहे?

आत तोच डॉक्टर. आता त्याचे केस कानांवर थोडे पिकलेत. त्याने सुजाताला तपासलं, शिबिरातलं बीपी विचारून घेतलं, मागचं-पुढचं विचारलं आणि गोळ्या लिहायला पेन उचललं. मी भिंतीपाशी होते. तिथून टेबलापाशी आले.

"डॉक्टर, ही बसवर कंडक्टर आहे. ड्युटीवर हिला लघवीला जाता येत नाही. ते बघून गोळी द्या."

शब्द खोलीत पडला. काही झालं नाही. कोणी हसलं नाही. त्याने मान वर केली आणि नुसतं म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मग हिला पाण्याची नको, दुसरी देतो, तिने तो त्रास होत नाही. पाणी मात्र प्यायचं, तहान मारायची नाही." मग सुजाताला म्हणाला, रोज एकाच वेळेला घे. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, चक्कर आली, पायाला सूज आली, काहीही झालं तर आधी इथे ये. पंधरा दिवसांनी दाखवायचं.

मी म्हणाले, "हिच्या आईलाही हेच होतं. विमल. तुम्ही मोठी गोळी दिली होतीत. ती फक्त रविवारी घ्यायची."

त्याला तू आठवलीस. आजी म्हटल्यावर भांडलेली. त्याने पेन टेबलावर ठेवलं. म्हणाला, "तेव्हाही बदलता आली असती. मी विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंत," मी म्हणाले.

बाहेर केसपेपरच्या खिडकीपाशी पुढचा नंबर पुकारेपर्यंतच सगळं संपलं होतं. नऊ वर्षं आणि तू, आणि लागला होता एवढाच वेळ.

फाटकाबाहेर आल्यावर सुजाताने मला विचारलं, "हे आईच्या वेळी का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"एवढंच?"

"एवढंच."

याहून मोठं काही कारण सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्याकडे बघितलं, तुझ्या शेवटच्या पोळीकडे मी बघितलं असेन तसं. मग म्हणाली, "आईच्या न घेतलेल्या तू सांभाळल्यास. आता माझ्या घेतलेल्या बघ."

तेव्हापासून ती सकाळी ड्युटीवर जाण्याआधी माझ्या दारात येते. मी पाणी देते. ती माझ्याकडे न बघता गोळी घेते, पेला भरलेला असेल तेवढं सगळं पाणी पिते, पेला माझ्या हातात देते आणि जिना उतरते. एक शब्द बोलत नाही. मी बोलायला लावणार नाही. काल मात्र पेला दिला आणि तिथेच उभी राहिली. रिकाम्या पेल्याकडे बोट केलं.

मी पुन्हा भरून दिला.